भोंग्यातून गाणे ऐकणारे संगीतकार : एडगार वारेझ



गेल्या उन्हाळ्यात आमचा नातू काही दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. तो कॉलेजात संगीत शिकतो. एके दुपारी त्याच्या खोलीतून असे काही आवाज येऊ लागले की आम्हांस वाटले, शेजारी घरदुरुस्तीचे काम निघाले. कुठे ऐरणीवर घण पडतो आहे, कुठे ढोल घुमतो आहे, काहीतरी खुळखुळते आहे, आणि या सर्वांमधून एक भोंगा हळूहळू वर चढत जातो व तसाच खाली उतरतो. आम्ही दार ठोठावून विचारले, मशीन बिघडले की काय? नातू हसू लागला. त्याने सांगितले की हे संगीत आहे, आणि तेही आजकालचे नव्हे, १९३१ सालचे आहे.

आता आजीआजोबा कानांवर हात ठेवणार असे त्यास वाटले असावे. पण तो भोंगा ऐकून आमचे मन भलतीकडेच गेले होते. आमचे बालपण मुंबईत जेकब सर्कलच्या बाजूला गेले. त्या भागातील आमच्या वयाच्या कोणाही वाचकास विचारा, आमचा दिवस घड्याळावर नव्हे, गिरणीच्या भोंग्यावर चाले. पहिला भोंगा झाला की आई स्टोव्ह पेटवी. पुढच्या भोंग्याला चाळीच्या जिन्यावर डबे घेऊन निघालेल्या माणसांची पावले वाजत, आणि आम्ही अंथरुणात पडून तो आवाज कुठपर्यंत वर जातो ते ऐकत असू. त्याला आम्ही गाणे म्हटले असते तर शाळेच्या मास्तरांनी आम्हांस वर्गाबाहेर उभे केले असते. नातवाच्या त्या संगीतकाराने मात्र भोंगा उचलून थेट वाद्यवृंदात नेऊन बसवला होता.

त्यांचे नाव एडगार वारेझ. इलेक्ट्रॉनिक संगीताचे जनक म्हणून पुष्कळ लोक त्यांचे नाव घेतात. आयुष्याची शेवटची पन्नास वर्षे त्यांनी न्यूयॉर्क हेच आपले घर मानले, आणि त्यांपैकी बराच काळ एका यंत्राची वाट पाहण्यात गेला. हे वाचल्यापासून त्यांच्याविषयी जे मिळेल ते आम्ही वाचत गेलो. वारेझ ज्यू नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. परंतु परमुलखात येऊन नव्याने उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगावे लागत नाही, म्हणून त्यांची कथा येथे देत आहोत.

वारेझ यांचा जन्म २२ डिसेंबर १८८३ रोजी पॅरिस येथे झाला. मूल काही आठवड्यांचे असतानाच त्यास बर्गंडी प्रांतातील ल विलार या खेड्यात नातेवाइकांकडे वाढवण्यास पाठवण्यात आले. तेथे आईचे वडील क्लोद कोर्तो हे त्याचे सर्वस्व झाले. पुढे वारेझ यांनी आपल्या मुलीचे नावदेखील क्लोद असेच ठेवले. त्या खेड्याजवळ तूर्नू गावी दगडी बांधणीचे एक फार जुने देऊळ आहे. त्याचे जाड खांब आणि कोठेही नक्षी नसलेल्या भिंती त्या मुलाच्या मनात कायमच्या बसल्या. असे दगडासारखे संगीत आपण करावे, असे त्यांना मोठेपणी वाटत असे. गोड चालींचा त्यांना पुढे जो कंटाळा आला त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते.

वडील इंजिनियर होते आणि स्वभावाने अतिशय कडक. कुटुंब इटलीत तुरीन शहरी राहावयास गेले तेव्हा मुलानेही इंजिनियर व्हावे म्हणून गणित व विज्ञान यांचा तगादा सुरू झाला. संगीताकडे लक्ष जाऊ नये म्हणून वडिलांनी घरातील पियानोला कुलूप घातले होते, असे सांगतात. १९०० साली आई वारली. घरातील तंटे वाढत गेले, एकदा तर बापलेकांची हातघाई झाली, आणि १९०३ मध्ये एडगार घर सोडून पॅरिसला निघून गेला. तेथे त्याने दोन नामांकित संस्थांतून संगीताचे शिक्षण घेतले. गंमत अशी की ज्या विज्ञानापायी बापाशी भांडण झाले ते विज्ञान काही सुटले नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचा आवाजावरील ग्रंथ त्यांच्या हाती पडला. त्यात सायरनचे, म्हणजे आपल्या भोंग्याचे, प्रयोग होते. वारेझ यांनी जुन्या बाजारातून दोन लहान सायरन विकत आणले व घरीच प्रयोग सुरू केले.

या सायरनमध्ये त्यांना काय सापडले, हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. (इतकी वर्षे मास्तरकी केल्यावर फळ्याकडे वळल्याशिवाय राहवत नाही.) पियानोची एक पट्टी दाबली की एक सूर, शेजारची दाबली की दुसरा. त्या दोघांच्या मधली जागा पियानोला माहीतच नसते. आपल्या हार्मोनियमचे तेच. गवयाचा गळा किंवा सारंगी एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाते, तिला आपण मींड म्हणतो. ती हार्मोनियमवर निघत नाही. हिंदुस्थानी संगीतास हे वाद्य साजत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली, हे जुन्या श्रोत्यांस आठवत असेल. सायरन तर सगळाच्या सगळा मींड आहे! त्याच्या चढण्यात पायऱ्याच नाहीत. वारेझ यांच्या ध्यानात आले की युरोपच्या संगीताने शिडीचे डांडे तेवढे मोजले आणि मधली हवा सोडून दिली. ती हवा पकडणारे वाद्य त्यांना हवे होते. असे वाद्य तेव्हा कोठेच नव्हते.

१९०७ मध्ये लग्न करून ते बर्लिनला गेले. तेथे बुझोनी या थोर पियानोवादकाचा सहवास लाभला. बुझोनी यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पुस्तकात अमेरिकेतील केहिल नावाच्या गृहस्थाने बनवलेल्या, विजेने सूर उत्पन्न करणाऱ्या अगडबंब यंत्राचा उल्लेख होता. त्या यंत्राचे वजन सुमारे २०० टन होते. वजन काही असो, वीज सूर काढू शकते एवढे कळले. पुढे पहिले महायुद्ध पेटले. वारेझ यांस लष्करात बोलावले गेले, पण प्रकृतीच्या कारणाने सोडून देण्यात आले. लग्न तोवर मोडल्यासारखेच होते. १९१५ च्या २९ डिसेंबरला ते बोटीने न्यूयॉर्क बंदरात उतरले. वय ३२.

मागे बर्लिनमध्ये त्यांच्या रचनांची हस्तलिखिते ठेवलेली होती. ती आगीत जळून गेली. तरुणपणी लिहिलेले जवळजवळ सर्व संगीत नाहीसे झाले. जे थोडे उरले होते त्यातील एक मोठी रचना त्यांनी म्हातारपणी स्वतःच नष्ट केली. म्हणजे आज आपल्याला जे वारेझ ठाऊक आहेत ते जवळपास सगळे अमेरिकेत उतरल्यानंतरचे आहेत.

आम्ही या देशात आलो तेव्हा पहिले कित्येक आठवडे रात्री झोप लागत नसे. रस्त्यावरून फायर इंजिने ओरडत जात आणि दर वेळी वाटे, आपल्याच बिल्डिंगला आग लागली. वारेझ यांनाही खोलीच्या खिडकीतून असेच आवाज ऐकू येत : पोलिसांचे सायरन, आगगाड्या, हडसन नदीवर धुक्यात बोटींनी फुंकलेले भोंगे. आम्ही उशी कानावर घेत होतो, ते कागद घेऊन बसत होते. १९१८ पासून १९२१ पर्यंत त्यांनी ‘आमेरिक’ ही प्रचंड रचना लिहिली. तिला दीडशेच्या जवळपास वादक लागत आणि त्यात एक सायरन होता. नाव देशावरून असले तरी अमेरिका म्हणजे नवी भूमी, अद्याप न पाहिलेले जग, एवढाच अर्थ त्यांच्या मनात होता.

पण ती वाजवणार कोण? नवे संगीत वाजवण्यास कोणी तयार नाही, तर आपणच संस्था काढावी, म्हणून १९२१ मध्ये त्यांनी कार्लोस साल्झेदो या हार्पवादकाच्या साथीने इंटरनॅशनल कंपोझर्स गिल्ड स्थापन केली. साल्झेदो हे सेफार्दी ज्यू घराण्यातले. गिल्डने सहा वर्षांत कितीतरी रचना अमेरिकेस प्रथम ऐकवल्या. त्यांत व्हिएन्नाचे ज्यू संगीतकार शनबर्ग यांची एक अत्यंत गाजलेली रचना होती. मार्च १९२३ मध्ये वारेझ यांची स्वतःची ‘हायपरप्रिझम’ वाजली तेव्हा श्रोते हसू लागले, शिट्ट्या घालू लागले, आणि थिएटरात गोंधळ माजला. तीच रचना लगेच पुन्हा वाजवण्यात आली.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. त्याच वर्षी गिल्डमध्ये फूट पडली. एकदा वाजवलेली रचना पुन्हा वाजवू नये हा वारेझ यांचा हट्ट पुष्कळांना पटेना. फुटून निघालेल्यांनी लीग ऑफ कंपोझर्स ही वेगळी संस्था काढली. तिच्यात बरेच जण ज्यू होते, आणि गिल्डच्या गोटातून त्यावरून वाईटसाईट बोलले गेले. मोठ्या कलावंतांच्या भोवतीची हवा नेहमीच शुद्ध असते असे नाही. वारेझ यांचा स्वभावही सोपा नव्हता. ते चटकन भडकत, मैत्री तोडत, पुन्हा जोडत. दुसरीकडे पाहिले तर त्यांची अवघड कामे हातात घेऊन उभे राहणारे स्लोनिम्स्की हे पीटर्सबर्गच्या ज्यू घराण्यात जन्मलेले होते. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

या सर्व दिवसांत त्यांना एक भक्कम आधार मिळाला, तो लुईझ नॉर्टन या बाईंचा. त्या स्वतः लेखिका होत्या आणि फ्रेंच कवींची इंग्रजीत भाषांतरे करीत. दोघांनी लग्न केले आणि १९२५ पासून ग्रीनिच व्हिलेजमध्ये १८८ सुलिव्हन स्ट्रीट या घरात संसार थाटला. १९२७ मध्ये वारेझ अमेरिकेचे नागरिक झाले. स्टोकोव्स्की यांनी फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाकडून ‘आमेरिक’ १९२६ मध्ये आणि ‘आर्काना’ १९२७ मध्ये वाजवून घेतली. टीका भरपूर झाली, पण आता नाव सर्वांस ठाऊक झाले होते.

आता त्या नातवाच्या खोलीतल्या रचनेकडे येतो. तिचे नाव ‘आयोनायझेशन’. १९३१ मध्ये पॅरिसच्या मुक्कामात वारेझ यांनी ती पुरी केली. तेरा वादक आणि चाळीसच्या आसपास वाद्ये, पण त्यांत व्हायोलिन नाही, बासरी नाही. ढोल, झांजा, ऐरणी, खुळखुळे, दोरी ओढून सिंहासारखी डरकाळी काढणारे एक पिंप, आणि दोन सायरन. अगदी शेवटी पियानो आणि घंटा येतात, तेवढाच काय तो सूर. आमच्या मुलुखात नुसत्या ढोलताशांवर माणसे तासन्‌तास खिळून उभी राहतात, त्यामुळे आम्हांस यात मोठेसे नवल वाटले नाही. पण युरोपच्या बैठकीच्या संगीतात तालवाद्य म्हणजे मागच्या रांगेतला नोकर. त्याला पाटावर बसवणाऱ्या पहिल्या रचनांपैकी ही एक.

पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये कार्नेगी हॉलच्या इमारतीत ६ मार्च १९३३ रोजी झाला. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातील सर्व बँका बंद ठेवल्या होत्या. लोकांच्या खिशात पैसे नाहीत, आणि येथे तेरा माणसे ऐरणी व सायरन वाजवीत आहेत! हातात छडी निकोलस स्लोनिम्स्की यांच्या. पुढे या रचनेची तबकडी काढायची ठरली तेव्हा नेहमीच्या वादकांना ते ताल झेपेनात. शेवटी साल्झेदो, हेन्री कॉवेल, विल्यम शुमन असे संगीतकारच वाद्यांपाशी उभे राहिले.

एवढे झाले, पण वारेझ यांस जे हवे होते ते अजून मिळालेच नव्हते. सायरनला चढता-उतरता येते, पण त्यास वाटेल ते बोलता येत नाही. शास्त्रज्ञ आणि संगीतकार एकत्र बसतील अशी प्रयोगशाळा त्यांना हवी होती. वाद्य नको, वादक नको. मनात आलेला आवाज जसाच्या तसा यंत्रातून निघावा. आपल्या कामास ते संगीत म्हणण्यापेक्षा रचलेला आवाज म्हणणे पसंत करीत. १९२७ पासून ते बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेच्या मागे लागले होते. तेथील हार्वी फ्लेचर यांनी ऐकून घेतले, पण पैसा नव्हता. गुगेनहाइम फाउंडेशनकडे अर्ज केला, नकार आला. पुन्हा केला, पुन्हा नकार. रशियाहून आलेल्या लेव्ह थेरेमिन यांनी त्यांच्यासाठी विजेची दोन वाद्ये बनवून दिली, ती १९३४ मध्ये ‘एक्वातोरियाल’ या रचनेत वाजली. परंतु १९३८ मध्ये थेरेमिन रशियाला परतले आणि तेथे कैदेत पडले. वारेझ यांनी १९४१ मध्ये त्यांना नव्या वाद्यांसाठी पत्र लिहिले. उत्तर कोठून येणार?

१९३६ मध्ये बारेर या बासरीवादकाने प्लॅटिनमची बासरी करून घेतली. तिच्यासाठी वारेझ यांनी एक छोटीशी रचना लिहिली आणि नाव ठेवले ‘डेन्सिटी २१.५’, कारण प्लॅटिनमची घनता तेवढी आहे. इंजिनियर बापाचा मुलगा, दुसरे काय! एका बासरीचे ते चार-साडेचार मिनिटांचे संगीत. त्यानंतर सुमारे पंधरा वर्षे वारेझ यांच्याकडून एकही मोठी पुरी रचना बाहेर आली नाही.

या पंधरा वर्षांवरून चरित्रकार लवकर पुढे जातात. आम्हांस मात्र तेथेच थांबावेसे वाटते. ते न्यू मेक्सिकोत सांता फे येथे गेले, तेथे शिकवले. मग लॉस एंजेलिस. बोलपट नव्याने बोलू लागलेले, स्टुडिओंत आवाजाची यंत्रे आहेत, तेव्हा तेथे तरी कोणी हात लावू देईल, ही आशा. कोणी दिला नाही. परत न्यूयॉर्क. ‘एस्पास’ नावाची एक रचना मनात होती. जगातील निरनिराळ्या राजधान्यांत गायकवृंद एकाच वेळी गातील आणि रेडिओवरून ते सारे आकाशात एकत्र येईल, अशी ती कल्पना. युद्धाच्या ऐन काळात! त्यातील थोडासा भाग १९४७ मध्ये गायला गेला, बाकीचा राहूनच गेला. त्या वर्षांत ते एका गायकवृंदाकडून जुने, कित्येक शतकांपूर्वीचे संगीत बसवून घेत. मनाला घोर उदासीने घेरले होते. रात्री लिहीत, सकाळी फाडून टाकीत.

आम्ही येथे आलो तेव्हा मुंबईचे आमचे शिक्षकाचे प्रमाणपत्र एका कचेरीत ग्राह्य धरले गेले नाही. पुन्हा वर्गात उभे राहावयास आम्हांस सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना आम्ही मनातल्या मनात धडे घेत असू. दुपारच्या सुट्टीत फळ्यावर काय लिहायचे तेही ठरवीत असू. आमचे दुःख लहान, कारण शाळा जगात होत्याच, फक्त दार उघडायचे होते. वारेझ ज्या दाराची वाट पाहत होते त्याची इमारतच कोणी बांधलेली नव्हती. त्यामुळे त्यांना लोक वेडा म्हणत तेव्हा उत्तर देण्यासही त्यांच्या हाती काही नव्हते.

युद्धानंतर टेप रेकॉर्डर आला. १९५३ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, वारेझ यांच्या घरी अँपेक्स कंपनीचा एक टेप रेकॉर्डर भेट म्हणून आला. देणाऱ्याने आपले नाव सांगितले नव्हते. म्हाताऱ्याने लगेच काम सुरू केले. लोखंडाच्या भट्ट्या, लाकूड कापण्याचे कारखाने येथील आवाज टेपवर घ्यायचे, फीत ब्लेडने कापायची, चिकटपट्टीने जोडायची, उलटी फिरवायची, वेग कमी-जास्त करायचा. एक सेकंदाच्या आवाजासाठी कित्येक तास. चाळीस वर्षांपूर्वी मनात ऐकलेले आता हातात येऊ लागले.

यातून ‘देझेर’, म्हणजे वाळवंटे, ही रचना पुरी झाली. वाद्यवृंद वाजतो, मग थांबतो आणि ध्वनिक्षेपकांतून कारखान्याचे रचलेले आवाज येतात, मग पुन्हा वाद्यवृंद. असे तीन वेळा. टेपचे काम पॅरिसमध्ये पिएर शेफर यांच्या रेडिओ स्टुडिओत पुरे झाले, आणि २ डिसेंबर १९५४ रोजी तेथेच पहिला प्रयोग झाला. कार्यक्रम ठरवणाऱ्याने कमाल केली होती : अगोदर मोझार्ट, नंतर चायकोव्स्की, आणि मध्ये हे! सभागृहात ओरडा, शिट्ट्या, टाळ्या, सारे एकदम. आणि कार्यक्रम फ्रेंच रेडिओवर दोन वाहिन्यांवरून, स्टिरिओ पद्धतीने, थेट ऐकवला जात होता, त्यामुळे घरोघरी लोकांनी संगीताबरोबर दंगाही ऐकला. पुढच्या वर्षी अमेरिकेत ही रचना वाजली तेव्हा मात्र लोकांनी शांतपणे ऐकली.

यानंतरची हकिगत आपल्या वाचकांस विशेष वाटेल, कारण तिच्यात फिलिप्स कंपनी आहे. आमच्या घरी फिलिप्सचा रेडिओ होता, आणि बुधवारी रात्री बिनाका गीतमालेसाठी अर्धी चाळ त्याच्याभोवती जमे. या कंपनीस १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात आपला मंडप उभारावयाचा होता. काम दिले ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पकारास. कॉर्बुझिए यांनी अट घातली की मंडपातील संगीत वारेझ यांचेच हवे. कंपनीच्या मंडळींना सर्वसाधारण लोकांस रुचेल असा संगीतकार हवा होता, पण कॉर्बुझिए हटले नाहीत. त्यांचा स्वतःचा जीव तेव्हा आपल्या पंजाबात, चंदीगडच्या बांधणीत गुंतलेला. त्यामुळे मंडपाचा आराखडा मुख्यतः त्यांचे सहायक झेनाकिस यांनी केला. हे झेनाकिसही संगीतकार. लोक आत येता-जाता ऐकण्यासाठी त्यांनी जळत्या कोळशाच्या तडतडण्यापासून एक छोटी रचना केली होती. शेगडी फुंकलेल्या आमच्या बायाबापड्यांना ती ओळखीची वाटली असती.

वारेझ १९५७ मध्ये हॉलंडमध्ये कंपनीच्या आइंडहोवन येथील कारखान्यात गेले. आयुष्यभर ज्याची मागणी केली ते आता समोर होते : यंत्रे, इंजिनियर, प्रयोगशाळा. त्यांनी तेथे ‘पोएम इलेक्ट्रॉनिक’ ही आठ मिनिटांची रचना केली. प्रथम घंटेचे टोल, मग विजेचे सूर, खडखडाट, ढोल, सायरन, माणसांचे आवाज, एका स्त्रीचा उंच स्वर. मंडपाच्या वाकड्या भिंतींवर सुमारे चारशे ध्वनिक्षेपक बसवले होते. आवाज एकाच जागी न राहता भिंतीवरून छतावर, छतावरून पलीकडे असा प्रवास करी, आणि खाली अंधारात शेकडो माणसे उभी राहून माना वळवीत. सहा महिन्यांत वीस लाखांच्या आसपास लोकांनी ही रचना ऐकली. हायपरप्रिझमच्या वेळी हसलेल्या माणसांची संख्या तिच्यापुढे किती? प्रदर्शन संपल्यावर मंडप १९५९ मध्ये पाडून टाकण्यात आला. टेप राहिली, पण चारशे ध्वनिक्षेपकांमधून फिरणारा तो आवाज त्या इमारतीबरोबरच गेला.

उतारवयात मानसन्मान येऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक म्युझिक सेंटर निघाले, तेथे त्यांनी १९६० च्या सुमारास ‘देझेर’च्या टेपांवर पुन्हा काम केले. तरुण मंडळी सुलिव्हन स्ट्रीटच्या दारी येऊ लागली. जाझचे विख्यात वादक चार्ली पार्कर यांस त्यांच्याकडे शिकावयाचे होते, पण १९५५ मध्ये पार्कर अकाली वारले. कॅलिफोर्नियातील फ्रँक झापा या मुलाने पंधराव्या वाढदिवसाची भेट म्हणून आईकडे एवढेच मागितले की वारेझ यांना दूरचा टेलिफोन लावू दे. वारेझ घरी नव्हते, लुईझबाई बोलल्या. तो मुलगा पुढे रॉक संगीतात फार गाजला. आणि चीनमधून आलेले चौ वेन-चुंग हे १९४९ पासून त्यांचे शिष्य झाले. गुरूच्या पश्चात अपुऱ्या रचना लावणे, जुन्या हस्तलिखितांतील चुका दुरुस्त करणे, हे सारे त्यांनी केले, आणि गुरूच्याच घरात राहून केले. असा शिष्य मिळणे हे शिक्षकाचे भाग्य, एवढे तरी आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

६ नोव्हेंबर १९६५ रोजी न्यूयॉर्क येथे वारेझ यांचे निधन झाले. वय ८१. ‘नॉक्टर्नल’ ही रचना अर्धवट टेबलावर राहिली होती, ती चौ यांनी पुरी केली.

चार वर्षांनी, १९६९ मध्ये, न्यूयॉर्कचे डेव्हिड ट्यूडर हे संगीतकार मूग कंपनीचे सूर उत्पन्न करणारे विजेचे यंत्र घेऊन अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये पोचले व तेथे त्यांनी स्टुडिओ उभा केला. आपले कित्येक वाचक अहमदाबादचे आहेत. मागेन अब्राहाम सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या मंडळींना नदीपलीकडे काय चालले आहे याची गंधवार्ता तरी होती का, कोणास आठवत असेल तर अवश्य कळवावे.

नातवाने परत जाताना आम्हांस दोन तबकड्या ठेवून दिल्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या वाद्यवृंदाकडून शायी यांनी वाजवून घेतलेले वारेझ यांचे संगीत, १९९८ साली निघालेले. पन्नास वर्षांच्या उलाढालीतून जे उरले ते सगळे दोन तबकड्यांत, अडीच तासांत मावते. आम्ही अजून सर्व ऐकलेले नाही. ‘देझेर’ला दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा मध्येच चहा करावयास उठलो, हे कबूल केले पाहिजे. परवा फोनवर नातवाने विचारले, सर्वांत कोणते आवडले? आम्ही सांगितले, भोंग्याचे. ते आम्ही रविवारी सकाळी लावतो. खोलीचे दार मात्र लावून घ्यावे लागते, कारण घरातील मंडळींना अजूनही वाटते की शेजारी घरदुरुस्ती निघाली.